बालकाचा आजचा दिवस

नाताळचे गोठे आवरून होतात न होतात, तोच आपल्याकडे आणखी एका हंगामाची चाहूल लागते. हा हंगाम बालवाडीच्या प्रवेशाचा. ज्या घरात अडीच-तीन वर्षांचे बालक आहे, त्या घरात रात्रीच्या जेवणानंतर एकच विषय निघतो. कोणत्या शाळेचे अर्ज मिळू लागले, कोणत्या शाळेची यादी लागली, कोठे देणगी मागतात, कोठे ओळख लागते. धर्मग्रामाच्या कार्यालयातही या दिवसांत तरुण जोडप्यांची ये-जा वाढते. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला धर्मगुरूंचे शिफारसपत्र. आईच्या कडेवर बालक असते. आपल्या भवितव्याची वाटाघाट चालू आहे याची त्याला गंधवार्ताही नसते. टेबलावरची घंटी कशी वाजते, एवढ्यातच त्याचे सारे लक्ष गुंतलेले असते.

या आईवडिलांची काळजी खोटी नसते, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. आपली वसई पूर्वीची राहिलेली नाही. केळी, भाजी आणि फुले यांवर ज्या वाड्यांनी चार-चार पिढ्या पोसल्या, त्यांतील कित्येक वाड्यांवर आज इमारती उभ्या आहेत. जमीन होती तोवर जमीन हाच मुलाचा आधार होता. जमीन गेली तेव्हा शिक्षण हाच आधार उरला. अशा वेळी पहिली पायरी चुकू नये असे आईवडिलांना वाटले, तर त्यांना कोण दोष देईल?

परंतु ही मंडळी जे प्रश्न विचारतात, ते लक्षपूर्वक ऐकले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. माध्यम कोणते? मंडळ कोणते? दहावीपर्यंतची सोय आहे काय? शुल्क किती आणि ते दरवर्षी किती वाढते? तेथील मुले पुढे कोठे जातात? यांतील बहुतेक प्रश्न दहा-पंधरा वर्षांनंतरच्या मुलाविषयी असतात. कडेवर बसलेल्या, घंटीकडे टक लावून पाहणाऱ्या बालकाविषयी त्यांत फारसे काही नसते. 'तेथे आमच्या बाळाचा दिवस कसा जाईल?' हा प्रश्न क्वचितच ऐकू येतो. बालवाडीच्या निवडीतील नैतिक प्रश्न नेमका हाच आहे, असे मला वाटते. आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

बालवाडी ही कल्पना मुळात कोणी आणि कशासाठी निर्माण केली, हे आधी पाहू. जर्मनीतील फ्रीड्रिख फ्रोबेल या शिक्षकाने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी एक संस्था काढली आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. शब्दाचा सरळ अर्थ मुलांची बाग. आपल्या मराठीतील 'बालवाडी' हा शब्दही त्याच जातीचा आहे, आणि वसईच्या माणसाला 'वाडी' म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. वाडीत पाणी योग्य वेळी द्यावे लागते, तण काढावे लागते, कोवळ्या रोपाला सावली करावी लागते. पण रोप लवकर वाढावे म्हणून कोणी त्याचा शेंडा धरून ओढत नाही. तेवढी समज आपल्या निरक्षर आजोबांनाही होती. फ्रोबेलच्या बागेत गाणी होती, लाकडी ठोकळे होते, माती होती, खेळ होता. प्रशियाच्या सरकारला ते इतके धोक्याचे वाटले की १८५१ साली त्याने किंडरगार्टनवर बंदी घातली. ती १८६० साली उठली, तोपर्यंत फ्रोबेल निवर्तला होता.

पुढे ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांवर आणि अंगणांत मोकाट हिंडणारी मुले, हेच त्यांचे पहिले विद्यार्थी. याच माँटेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम अनेक वर्षे लांबला. पण त्याआधीच त्यांचा विचार आपल्याकडे रुजू लागला होता. १९२० साली भावनगरात गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक.

ताराबाईंचे नाव आपण विशेष आदराने घेतले पाहिजे, कारण त्यांची कर्मभूमी आपल्याच परिसरातली. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील हे गाव आता आपल्या पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी तेथे बालवाडी उघडली. थोड्याच दिवसांत त्यांना दिसून आले की गावातील सुस्थितीतील घरांची मुले येतात, पण हरिजनवाड्यातील मुले काही येत नाहीत. दुसरे कोणी असते तर म्हणाले असते, आम्ही दार उघडे ठेवले आहे, यायचे त्यांनी यावे. ताराबाईंनी बालवाडीच उचलली आणि त्या मुलांच्या अंगणात नेली. आज ज्या शब्दाचा आपण सहज उच्चार करतो, तो 'अंगणवाडी' हा शब्द आणि ती कल्पना या अनुभवातून आली. महागडी विदेशी साधने परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पाने, शंख-शिंपले हीच साधने झाली. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले दिवसभर गुरांमागे रानात असत. त्यांच्यासाठी शाळाच कुरणात गेली आणि तिचे नाव कुरणशाळा पडले. १९७३ साली ताराबाई गेल्या, १९९२ साली अनुताई गेल्या. पण त्यांनी घालून दिलेले सूत्र स्पष्ट आहे. बालक जेथे आहे, जसे आहे, तेथे शाळेने जावयाचे आहे.

आता या सूत्राच्या प्रकाशात आपला प्रवेशाचा हंगाम पाहावा. येथे तीन वर्षांच्या बालकाला नवे कपडे घालून अनोळखी खोलीत नेले जाते. समोरच्या बाई त्याला चित्र दाखवून रंग विचारतात, नाव विचारतात, तेही त्याने घरात कधी न ऐकलेल्या भाषेत. बालक आईच्या पदरात तोंड लपवते. घरी परतताना रिक्षात कोणी बोलत नाही. संध्याकाळी आजी विचारते, "काय झालं गं?" आणि आई म्हणते, "बोललाच नाही तो." त्या तीन शब्दांत एक निकाल असतो. आपण काहीतरी करावयास हवे होते आणि ते आपल्या हातून झाले नाही, एवढे त्या बालकाला कळते. काय करावयास हवे होते, हे मात्र कळत नाही.

हे योग्य नाही, असे कायदाही म्हणतो. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ साली शालेय ओझ्याविषयीच्या आपल्या अहवालात बालवाडी प्रवेशाच्या परीक्षा आणि मुलाखती बंद कराव्यात, अशी शिफारस केली होती. इतक्या लहान मुलांवर लेखन-वाचन-अंकगणिताचा औपचारिक मारा करणे ही एक प्रकारची हिंसाच आहे, असा तिचा अभिप्राय होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळाप्रवेशासाठी बालकाला किंवा त्याच्या पालकांना चाळणी लावण्यास मनाई केली. मुलाखतीची पद्धत तरीही निरनिराळ्या सौम्य नावांनी चालूच राहते, कारण ती घेणाऱ्यांइतकीच ती देण्यासाठी रांग लावणारी मंडळीही आहेत. कायदा शाळेला दंड करू शकतो. आईवडिलांच्या मनातील धास्तीला तो हात लावू शकत नाही.

या बाबतीत ख्रिस्तसभेच्या जुन्या शहाणपणाचा एक धागा मला मोलाचा वाटतो. १९८३ च्या धर्मसंहितेचे ९७ वे कलम असे सांगते की सात वर्षे पूर्ण होईपर्यंत मूल हे बालक समजावे आणि ते स्वतःच्या कृतीला जबाबदार नाही असे मानावे. सात वर्षांनंतर त्याला विवेकबुद्धी आली असे गृहीत धरावे. १९१० साली पोप संत दहावे पायस यांनी लहान मुलांना पवित्र कम्युनियनचे दार उघडले, तेव्हाही त्यांनी विवेकाचे वय साधारण सातवे वर्ष हेच मानले. म्हणजे ख्रिस्तसभा सात वर्षांच्या आतील बालकाकडे कोणताही हिशेब मागत नाही. त्याचे पाप मोजत नाही आणि पुण्याईही मोजत नाही. त्याला ती काही न विचारता बाप्तिस्मा देते. मत्तयच्या शुभवर्तमानातील प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण, या शिष्यांच्या प्रश्नावर प्रभू येशूने एका बालकाला बोलावून मध्यभागी उभे केले. त्या बालकाला प्रभूने एकही प्रश्न विचारल्याचे शुभवर्तमानकार सांगत नाही. त्या दिवशी परीक्षा झाली ती भोवती उभ्या असलेल्या मोठ्यांची.

मग बालकाला जर स्वतः निवड करता येत नाही, तर त्याच्या वतीने निवड करणाऱ्याचा अधिकार कोणत्या प्रकारचा आहे? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांच्यापुढे एक अवघड प्रश्न आला होता. ज्यू आईबापांच्या इच्छेविरुद्ध त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा काय? त्या काळच्या युरोपात 'द्यावा' असे म्हणणारे पुष्कळ होते. संत थॉमस यांनी 'देऊ नये' असे उत्तर दिले आणि त्याचे कारण मोठ्या सुंदर रीतीने मांडले. जन्मापूर्वी बालक मातेच्या उदरात असते; जन्मानंतर, विवेक जागा होईपर्यंत, ते आईबापांच्या देखरेखीखाली जणू दुसऱ्या एका आध्यात्मिक उदरात असते. त्याला तेथून हिसकावून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ही उपमा आईबापांचा हक्क सांगते, तशीच त्या हक्काची मर्यादाही सांगते. उदर बालकाला धारण करते, त्याचे रक्षण करते, त्याला पोसते. त्याने पुढे कोण व्हावे, हे उदर ठरवीत नाही. आईबापांचा अधिकार हा विश्वस्ताचा अधिकार आहे. विश्वस्ताने ठेव ज्याची आहे त्याच्या हितासाठी सांभाळावयाची असते, स्वतःच्या हौसेसाठी नव्हे. बालवाडीची निवड म्हणजे या दुसऱ्या उदराचे दार पहिल्यांदा उघडणे. ज्या आईच्या नजरेआड बालक कधी गेले नाही, ती आई रोज तीन तासांसाठी ते दुसऱ्या स्त्रीच्या हवाली करते. हे इतके गंभीर कृत्य आहे. आणि आपण ते माहितीपत्रकाच्या गुळगुळीत कागदावरून ठरवतो.

येथे कोणी म्हणेल, "फादर, आम्ही त्याच्या हिताचाच तर विचार करतो. आज त्याला थोडा त्रास झाला तरी उद्या त्याचेच भले होणार आहे." हा युक्तिवाद दुबळा नाही. लस टोचताना बालक रडते, तरी आपण लस टोचतोच. उद्यासाठी आज थोडे सोसावे लागते, हे खरेच आहे. पण लस टोचण्याला एक क्षण लागतो. बालवाडी ते पहिली ही तीन वर्षे असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ते त्याच्या आजवरच्या सबंध आयुष्याइतके लांब आहे. एवढा काळ कोणत्याही माणसाने केवळ पुढच्या आयुष्याच्या प्रतीक्षालयात काढावा, असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे काय?

धर्मगुरूच्या वाट्याला बाप्तिस्मे येतात तसे अंत्यविधीही येतात. त्यांत कधीकधी लहानशी पांढरी शवपेटी असते. अशा वेळी त्या घरात जाऊन बसावे लागते, आणि बोलण्यासारखे फारसे काही नसते. आईवडील, आजी-आजोबा जे आठवतात ते फार साधे असते. तो पावसात कसा नाचायचा, मांजरीशी कसा बोलायचा, भात खाताना कशी गोष्ट मागायचा. हे आयुष्य तयारीतच संपले, असे त्या घरात कोणी म्हणत नाही. चार वर्षांचे ते आयुष्य होते आणि ते जगले गेले होते, हेच त्या शोकात उरलेले एकमेव सांत्वन असते. अशा घरांतून परतताना मनाला पटते की बालपण ही मोठेपणाची पूर्वतयारी आहे, हे अर्धेच सत्य आहे. परमेश्वराच्या दृष्टीपुढे चार वर्षांचे मूल हे अपुरे माणूस नव्हे. ते चार वर्षांचे पुरे माणूस आहे. त्याचा आजचा दिवस त्याच्या मालकीचा आहे. उद्याच्या नावाने तो आपण सहजासहजी खर्च करू नये.

यावर आणखी एक शंका निघते. मग मुलाला हवे ते करू द्यावे काय? शिस्त नको काय? शिस्त अवश्य हवी. बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत मुले हात धूत, भांड्यातून भांड्यात न सांडता पाणी ओतत, पसारा आवरत, आपल्या पाळीची वाट पाहत. ही शिस्तच होती. पण ती त्या वयाची शिस्त होती. तिचे फळ मुलाला त्याच दिवशी हाती लागत असे. पाणी सांडले नाही याचा आनंद मिळण्यासाठी पंधरा वर्षे थांबावे लागत नाही. तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबून एकाच अक्षराने पानभर ओळी भरून घेणे, ही मात्र त्याच्या बोटांच्या वयाची गोष्ट नाही.

आणि ज्या उद्यासाठी आपण एवढी धडपड करतो, त्या उद्याविषयीचा अनुभव तरी काय सांगतो? फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी पहिलीत जाते, आणि म्हणून तो देश शिक्षणात मागे पडलेला नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलांती नावाचे गाव आहे. १९६२ पासून तेथे गरीब कृष्णवर्णीय घरांतील तीन-चार वर्षांच्या १२३ मुलांचा अभ्यास झाला. त्यांतील ५८ मुलांना चांगली बालवाडी मिळाली, बाकीच्यांना मिळाली नाही. बालवाडीतील मुलांना दिवसाचे काम आपले आपण योजू दिले जाई, ते करून झाल्यावर त्याविषयी बोलू दिले जाई; आणि शिक्षिका दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन आईला भेटत. आरंभी या मुलांचा बुद्ध्यांक वाढला, पण काही वर्षांतच ती आघाडी ओसरली. प्रयोग फसला असे कित्येकांना वाटले. परंतु हीच मुले चाळिशीला पोहोचली तेव्हा दिसून आले की त्यांच्यापैकी अधिक जणांनी शाळा पूर्ण केली होती, अधिक जण नोकरीत टिकले होते आणि तुरुंगाची वाट तुलनेने कमी जणांनी पाहिली होती. एका लहान गावातील थोड्या मुलांवरून साऱ्या जगाचा निष्कर्ष काढू नये. तरीही एवढे म्हणता येते की जे टिकले, ते लवकर पाठ केलेले अक्षर नव्हते. धीर धरणे, सुरू केलेले काम पुरे करणे, दुसऱ्याबरोबर राहणे, मोठ्यांवर विश्वास ठेवणे, हे टिकले. म्हणजे ज्या बालवाडीत बालकाचा आजचा दिवस चांगला जातो, तीच त्याच्या उद्याचीही अधिक काळजी घेते. आपल्याकडील २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ ही वर्षे एकत्र धरून त्यांचा पाया खेळावर ठेवला आहे. आणि २०२२ साली आलेल्या आराखड्याने या वयात मुलाच्या घरच्या भाषेवर भर दिला आहे.

घरच्या भाषेचा उल्लेख आला, तेव्हा आपल्याकडील सर्वांत नाजूक प्रश्नाला हात घातलाच पाहिजे. आपल्या कित्येक घरांत बालक पहिला शब्द सामवेदीत बोलते, कोठे वाडवळीत, कोठे कोळी बोलीत. देवळात ते मराठी ऐकते. आणि तिसऱ्या वर्षी ते इंग्रजी बालवाडीत जाऊन बसते. इंग्रजीची गरज मी नाकारीत नाही. ज्या घराची जमीन गेली आणि ज्या बापाला इंग्रजी येत नाही म्हणून साहेबापुढे मान खाली घालावी लागली, त्या बापाला इंग्रजीचा मोह धरू नकोस असे सांगण्याचा अधिकार पोटभर शिकलेल्या माणसाला नाही. शिवाय लहान मूल दोन-तीन भाषा सहज उचलते, हेही खरे. प्रश्न एवढाच आहे की एक भाषा शिकताना त्याला दुसऱ्या भाषेची लाज शिकवली जाते काय?

कारण अशा बालवाड्या आहेत, जेथे बालकाने तहान लागली म्हणून आपल्या भाषेत पाणी मागितले तर ते आधी इंग्रजीत मागावे लागते. अशाही बालवाड्या आहेत, ज्या आईला सांगतात की घरातही इंग्रजीच बोला. मग त्या घरातील आजी हळूहळू गप्प होते. तिला नातवाशी बोलावयाचे असते, पण आपल्या बोलण्याने त्याचे नुकसान होईल असे तिला सांगितलेले असते. ज्या आजीने त्या घरातील साऱ्यांना क्रुसाची खूण करावयास शिकवली, तीच आजी नातवापुढे संकोचून बसते. चार वर्षांच्या मुलाने आजीच्या बोलण्याला हसावे आणि घरातल्यांना ते कौतुकाचे वाटावे, यापेक्षा मोठी हानी बालवाडी करू शकत नाही. 'आपल्या पित्याचा व मातेचा मान राख' ही आज्ञा आपण त्याला पुढे धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवणार आहोत. त्याआधीच तिच्या मुळावर घाव पडलेला असतो. म्हणून माध्यम कोणतेही असो, तेथील ताई बालकाच्या घरच्या शब्दाला हसून उत्तर देते की भुवया उंचावते, हे पाहिले पाहिजे.

असे पाहण्यासाठी एक साधा उपाय आहे. अर्ज भरण्यापूर्वी आई किंवा वडील यांनी तेथे जाऊन, परवानगी घेऊन, एक तास कोपऱ्यात बसावे. जेथे बसू देत नाहीत, तेथे ही बाबही एक उत्तरच समजावे. भिंतीवरची चित्रे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आहेत की पालकांच्या? माती, पाणी, मोकळी जागा आहे काय? संडास स्वच्छ आहे काय, आणि बालकाला जावेसे वाटले तर ते न घाबरता सांगू शकते काय? एका ताईकडे किती मुले आहेत? एखादे मूल रडू लागले म्हणजे ती काय करते? त्याच्या उंचीपर्यंत वाकते, की दुरूनच नाव घेऊन दटावते? मुले आपापसांत बोलतात काय, की बोटे ओठांवर ठेवून बसली आहेत? या तासात जे दिसते ते कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

हा तास आपल्या गल्लीतील अंगणवाडीलाही द्यावा, असे मी आवर्जून सुचवीन. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या सरकारी योजनेतून या अंगणवाड्या देशभर पसरल्या. त्यांतील काही उत्तम चालतात, काही चालत नाहीत. आपण त्या नाकारतो ते मात्र बहुधा न पाहताच. तेथे आपल्या मुलाच्या शेजारी कोण बसेल, हा न बोललेला प्रश्न त्यामागे असतो. बांधकामावरच्या मजुराचे मूल, मोलकरणीचे मूल, आदिवासी पाड्यावरचे मूल. अंगणवाडी नाकारावयाची असेल तर ती पाहून नाकारावी. स्वच्छता नाही, जागा नाही, ताईचे लक्ष नाही, अशा कारणांनी नाकारावी. शेजारच्या बालकाकडे बोट दाखवून ती नाकारली, तर आपण आपल्या मुलाला पाटीवर अक्षर गिरवण्यापूर्वीच एक धडा दिलेला असतो, आणि तो धडा नंतर पुसणे फार कठीण जाते. प्रभूने मध्यभागी उभे केलेले ते बालक कोणाचे होते, हे शुभवर्तमान सांगत नाही.

शेवटी एक शब्द अशा आईवडिलांसाठी, ज्यांना निवड करण्याची फारशी सवडच मिळत नाही. दोघेही पहाटेची गाडी पकडून मुंबईला जातात. घरी आजी नाही किंवा आहे पण अंथरुणाला खिळलेली आहे. घराजवळ एकच बालवाडी आहे, किंवा परवडणारी एकच आहे. त्यांनी स्वतःला अपराधी मानू नये. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयी जे घोषणापत्र काढले, त्याने आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. हे म्हणणे ओझे वाढवणारे वाटते, पण त्यात दिलासाही आहे. मुलाचे सारे भवितव्य बालवाडीच्या एका निवडीवर टांगलेले नाही. इप्सिलांतीच्या शिक्षिका दर आठवड्याला मुलांच्या घरी जात, ते घर हीच पहिली शाळा आहे हे ओळखून. संध्याकाळी थकून आल्यावर मोबाइल बाजूला ठेवून दिलेली वीस मिनिटे, भात भरवताना सांगितलेली गोष्ट, निजण्यापूर्वी आजीच्या भाषेत म्हटलेली प्रार्थना, हे सर्व त्याच शिक्षणाचे भाग आहेत. आणि निवड चुकली असे दिसून आले, बालक आठवड्यामागून आठवडे निजेत दचकू लागले, तर भरलेल्या शुल्काकडे पाहून थांबू नये. ठेव परत घेण्याचा अधिकार विश्वस्ताला नेहमीच असतो.

जून महिन्यात, पावसाच्या पहिल्या सरींत, बालवाडीच्या दाराशी ते बालक आपले बोट सोडील. क्षणभर मागे वळून पाहील. दाराच्या आतून एक दुसरा हात त्याच्याकडे पुढे येईल. तो हात कसा आहे, हे आपण आधी जाऊन पाहिलेले असावे. दहावीचे पुढे पाहता येईल.